भामाबाईचे बिनदुधाचे मुटके

छकुलीच्या अंगाला दूध सोसत नाही हे कळलं, तेव्हा भामाबाईच्या दावणीला दोन गाई होत्या आणि दोन्ही दुभत्या. नात आठ महिन्यांची होती. वरचं दूध वाटीचमच्यानं पाजलं की तासाभरात अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठायच्या. निरवांगीतल्या जाणत्या बायांनी पित्त म्हणून आमसूल चोळायला सांगितलं. चौथ्यांदा तसंच झालं, तसे मुलगा सिद्धू आणि सून वृषाली तिला बारामतीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि निक्षून सांगितलं, दूध, दही, तूप, लोणी, खवा, यातलं काही म्हणजे काही द्यायचं नाही. मोठी झाल्यावर सोसेल, कदाचित सोसणारही नाही.

भामाबाईला हे पचायला जड गेलं. घर धनगराचं. तिचा सासरा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाला परतायचा. ताप आला तर दूध, खोकला झाला तर दूध, बाळंतिणीला दूध, मरणाऱ्याच्या तोंडातही दूध. पुढं तिच्या नवऱ्यानं, दादासाहेबांनी, कळप विकला, कालव्याचं पाणी आलं, ऊस उभा राहिला. पण दुधावरचा विश्वास काही हलला नाही. ज्यानं पिढ्या जगवल्या, त्यानंच नातीचा जीव जाऊ शकतो, हे तिच्या मनाला पटेना.

ते पटलं वालचंदनगरला. छकुली तेव्हा पाच वर्षांची. वृषालीची बहीण तिथं कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायची, तिच्या बाळाचं बारसं होतं. एका बाईनं पोरीच्या हातावर काजूची वडी ठेवली. यात दूध आहे का, असं भामाबाईनं विचारलंही. ती बाई प्रेमानं म्हणाली, छे हो, नुसता काजू आणि साखर. तिलाही खरंच तसंच वाटत होतं. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, डोळे बारीक झाले आणि छातीतून घरघर यायला लागली. शेजाऱ्याच्या गाडीतून बारामती गाठेपर्यंत भामाबाई तिला मांडीवर उभी धरून बसली होती. आडवी केली की श्वास अडायचा. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासानं पोर हळूहळू सावरली आणि पाणी मागायला लागली.

त्या दिवसापासून घरातली माणसं जपायला लागली, पण सगळ्यांत जास्त जपायला लागली ती छकुलीच. पुढच्या साली पंधरा ऑगस्टला भामाबाई झेंडावंदन बघायला शाळेच्या कुंपणाशी उभी होती. पोरांना पेढे वाटले. छकुलीनं नको म्हटलं नाही. पेढा घेतला, शेजारच्या मुलीच्या हातावर ठेवला आणि आपला हात परकराला खसाखसा पुसला. ती मुलगी विचारत होती, तू का खात न्हाईस? छकुली म्हणाली, मला ग्वाड आवडतच न्हाय.

भामाबाईला ते कुंपणाबाहेर ऐकू आलं. ही पोर घरात गुळाच्या ढेपेला नख लावून लावून खायची. सहा वर्षांच्या लेकरानं एवढं समजूतदार खोटं बोलावं, हे म्हातारीच्या काळजाला लागलं. घरी येताना वाटेत तिनं ठरवलं की या पोरीला हात पुढं करून चार जणींना वाटता येईल असं काहीतरी गोड आपण करायचं.

पण करायचं कसं? भामाबाईचा उजवा हात निकामी नव्हता, तरी चुलीपाशी तो कामाचा नव्हता. बारा वर्षांमागं ती हिंदुराव नावाच्या बागायतदाराच्या गुऱ्हाळावर हंगामाला जायची. चिपाडं वाळत घालायची, गूळ साच्यात भरायची. एकदा उकळता पाक गार करायच्या वाफ्यात ओतताना एका गड्याचा पाय घसरला आणि पाक तिच्या हातावर आला. पाण्यानं भाजलं तर पाणी निघून जातं, पाक चिकटून राहतो. मनगटापर्यंतची कातडी गेली. दवाखान्यातून ती आली तेव्हा चार बोटं आत वळलेली होती, ती पुन्हा सरळ झाली नाहीत. नव्या कातडीला ऊब म्हणून सोसायची नाही. गॅस पेटला तरी ती दोन हात लांब सरकायची. स्वयंपाक वृषालीच करायची, आणि तीही धारा काढून, डेअरीला घालून, शेतावर जाऊन. तिच्यावर आणखी भार टाकायचा नव्हता.

तेव्हा विस्तवाशिवाय होईल असंच काहीतरी हवं होतं. भामाबाई आठवडी बाजाराला इंदापूरला गेली. फुटाण्याच्या भट्टीवरून भाजलेले शेंगदाणे, डाळं आणि ज्वारीच्या लाह्या घेतल्या. भाजणीचं काम भट्टीवाल्यानं केलेलंच होतं. घरी येऊन कूट केला, गूळ किसला, कालवलं आणि लाडू वळायला घेतला. तो वळेना. मुठीतून वाळूसारखा गळून गेला. तूप घातलं असतं तर क्षणात वळला असता, पण तुपाचं नावच काढायचं नव्हतं. पाण्याचा हात लावला, वळला. तिसऱ्या दिवशी बुरशी धरली. गोडं तेल घातलं, तर कच्चा वास आला. बारामतीहून खजूर आणवून वाटला, तो नीट वळला, पण छकुलीनं दोन घास खाऊन तिसरा गालात धरून ठेवला. औषधासारखं लागतंय का, असं आजीनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. खोटं बोलली नाही, याचं भामाबाईला बरं वाटलं.

असे पंधरा-वीस दिवस गेले. वाया गेलेलं कोंबड्यांना जायचं. दादासाहेब एकदा म्हणाले की आता गावात सगळ्यात धष्टपुष्ट कोंबड्या आपल्याच. ती हसली, पण थांबली नाही. एका दुपारी ज्वारीची भाकरी काकवीला लावून खाताना तिच्या मनात आलं की चिकट असूनही ओली नाही, गोड असूनही कडक नाही, अशी ही एकच वस्तू आहे. उसाचा रस आटवत नेला की गूळ व्हायच्या आधी जो पातळ पाक उतरवतात ती काकवी. ती मुरलेली असते, सहा महिने टिकते, आणि गार असते.

दुकानातली काकवी ती आणू शकत होती. पण तिला एक गोष्ट माहीत होती, जी दुकानदाराला माहीत असायचं कारण नव्हतं. रस उकळताना मळी वर यावी म्हणून कुणी भेंडीच्या खोडाचं पाणी घालतं, कुणी एरंडी ठेचून घालतं. आणि रंग उजळ यावा म्हणून कधीकधी दूधही शिंपडतं. डब्यावर ते कुणी लिहीत नाही. स्वतः जाऊन बघितल्याशिवाय काकवी पोरीच्या तोंडात घालायची नाही, म्हणजे गुऱ्हाळावर जायला हवं होतं.

बारा वर्षांत तिनं त्या बांधावर पाय ठेवला नव्हता. कार्तिकात गुऱ्हाळं पेटली तशी एका सकाळी ती एकटीच निघाली. चिपाडाच्या ढिगापर्यंत गेली आणि उकळत्या रसाचा वास नाकात शिरला. उजवा हात आपोआप पदराखाली गेला. तिथंच ढिगाला टेकून ती बराच वेळ उभी राहिली. माघारी फिरली असती तरी कुणी काही बोललं नसतं, कारण कुणाला ती आल्याचं ठाऊकच नव्हतं. हिंदुरावांनी तिला बघितलं आणि ते स्वतः लगबगीनं बाहेर आले. त्यांनाही तो दिवस विसरता आला नव्हता. काय हवंय ते सांगा, घरी पोचतं करतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

"घरी नगं," भामाबाई म्हणाली. "मला काहिलीपाशी उभं राहू द्या. काय घालता, कवा उतरवता, माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर मी न्हेणार न्हाय."

मग तिनं छकुलीची सगळी हकिकत सांगितली. हिंदुरावांनी रस आटवणाऱ्या गुळव्याला बोलावलं. दूध वापरता का, असं विचारल्यावर तो जरा चाचरला आणि म्हणाला, गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असला की वापरतो थोडं. हिंदुरावांनी त्याच दिवशी रस आटवायची एक मोठी कढई, काहील, घासून घेतली, फक्त भेंडीच्या पाण्यावर रस आटवायला लावला. भामाबाई पदर नाकाला लावून चुलाणापासून पाच पावलांवर उभी राहिली. वाफ अंगावर येत होती, हात जळल्यासारखा झोंबत होता, पण पाक उतरून घागरीत पडेपर्यंत ती हलली नाही.

काकवी आली आणि गणित जुळलं. शेंगदाण्याचा कूट तिनं मिक्सरऐवजी जुन्या दगडी उखळात घातला आणि डाव्या हातानं कुटत राहिली. कुटता कुटता दाण्याला त्याचंच तेल सुटलं, कूट हाताला कोमट आणि मऊ लागायला लागला. मग थोडे तीळ, डाळ्याचं पीठ, बेतानं काकवी, आणि शेवटी लाह्या, त्या चुरडणार नाहीत अशा बेतानं. गोल लाडू तिला वळता येत नव्हता. आत वळलेल्या बोटांत गोळा दाबला की तो मुटक्याच्या आकाराचा निघायचा, त्यावर चार बोटांच्या चार खाचा. वृषाली म्हणाली, आत्याबाई, मी वळू का गोल? भामाबाईनं नको म्हटलं. मुटका तर मुटका.

छकुलीनं पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा हातात धरला आणि विचारलं, "आज्जे, ह्यो शाळंत न्हेला तर चालंल?"

शाळेतल्या राजेश्वरीबाई समंजस होत्या. त्यांनी सव्वीस जानेवारीला पेढ्यांऐवजी मुटके ठेवले आणि वाटायला छकुलीलाच उभं केलं. तिनं ओळीनं सगळ्यांना दिले, बाईंना दिले, शिपाईमामांना दिले, आणि शेवटी सगळ्यांच्या देखत स्वतः एक तोंडात टाकला. भामाबाई या वेळी कुंपणाच्या आत होती. पोरं अजून मागत होती, आणि छकुली मोठ्या माणसासारखी सांगत होती, आज संपले, आज्जी परत करणार हाय.

आज्जीला खरंच परत करावे लागले. आधी शाळेच्या खो-खोच्या मुलींसाठी, मग गावातल्या बारशा-वाढदिवसांसाठी. राजेश्वरीबाईंची एक मैत्रीण बारामतीत महिला गटांचं प्रदर्शन भरवायची. ती मुटका खाऊन बघायला निरवांगीला आली आणि म्हणाली की शहरात याला व्हीगन म्हणतात, आणि ओव्हनशिवाय होणाऱ्या अशा खाऊला आता फार मागणी आहे. व्हीगन म्हणजे काय, ते भामाबाईनं समजावून घेतलं. जनावराचं काहीच नाही, मधसुद्धा नाही.

"जनावराशी माझं भांडण न्हाय ताई," ती म्हणाली. "आमचं सगळं आयुष्य त्यांच्यावर गेलंय. पोरीच्या अंगाला सोसत न्हाय, एवढंच हाय ह्यात." पण पाटीवर तो शब्द लिहायला तिनं हरकत घेतली नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मदतीला तिची थोरली जाऊ दगडाबाई आली. दगडाबाई मायाळू, हाताला चव असलेली, आणि कुणाचं काही अडलं की धावून जाणारी. दोन मोठे डबे सकाळीच भरून झाले. भामाबाई अंगणातून आत आली आणि डब्यावर वाकली, तेव्हा तिला वास आला. तिनं एक मुटका फोडला, बोटावर चोळला. बोट चकाकलं. शेंगदाण्याचं तेल असं चकाकत नाही.

दगडाबाईनं लपवलं नाही. उलट कौतुकानं सांगितलं की दुसऱ्या घाण्यात चमचाभर घरचं तूप सोडलंय, शहरातली माणसं खाणार, जरा खमंग लागू दे. कुठल्या डब्यात तो घाणा गेला, ते मात्र तिला आठवत नव्हतं. दोन्हींत मिसळला असावा.

भामाबाई पायरीवर बसली. मग उठली, दोन्ही डबे रिकामे केले आणि मुटके गल्लीतल्या पोरांना वाटायला पाठवून दिले. उखळ, परात, डबे राखेनं घासायला घेतले. दगडाबाईला ते फार लागलं. चमचाभर तुपानं कुणाचं वाईट झालंय का, मी काय विष घातलं, असं ती बोलत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आक्का," भामाबाई घासता घासता म्हणाली, "वालचंदनगरला त्या बाईनंबी मायेनंच दिलं हुतं. माया करणाऱ्याच्या हातनं पोरगी जात हुती. मी पाटीवर दूध न्हाय म्हणून लिवलंय. कुणीतरी ते वाचून डोळं झाकून खाणार हाय. त्येला मी काय सांगू, चमचाभरच हाय म्हणून?"

दगडाबाईनं डोळे पुसले. मग पदर खोचून खाली बसली आणि तिच्या हातातली परात ओढून घेऊन स्वतः घासायला लागली. दिवसभर दोघी कुटत होत्या. तरी दोन्ही डबे अर्धेच भरले. तेवढेच घेऊन जाऊ, असं भामाबाईनं राजेश्वरीबाईंना फोन करून सांगितलं.

बारामतीच्या प्रदर्शनात लोक येत होते, चव बघत होते. भामाबाई प्रत्येकाला एक प्रश्न आधी विचारायची, शेंगदाणा चालतो ना? कारण कुणाला दूध सोसत नाही तसं कुणाला दाणाही सोसत नसतो, हे डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं. एक गृहस्थ म्हणाले, साखर नाही म्हणजे मधुमेहाला चांगलं. तिनं सरळ सांगितलं, काकवी म्हंजे गूळच, शुगर असंल तर खाऊ नका. शेजारच्या गाळ्यावरची बाई तिला म्हणाली, अहो मावशी, असं सांगितलंत तर विकलं कसं जाणार? त्यावर तिनं नुसतं हसून घेतलं.

दुपारच्या सुमारास एक उंच, सडसडीत पोरगा आला. इंजिनिअरिंगला होता, नाव राजवर्धन. पाटी वाचली. दूध नाही ना, विचारलं. मग तूप नाही ना, विचारलं. मग दूध पावडर, खवा, लोणी. शेवटच्या प्रश्नाला तो स्वतःच ओशाळला आणि सॉरी म्हणाला.

"विचार की," भामाबाई म्हणाली. "धा वेळा विचार. आमची नातबी तुझ्यासारखीच हाय."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. काकवी कुठल्या काहिलीतली, दाणे कुठल्या भट्टीवरचे, उखळ कशानं घासलं, इतकंच काय, काल दोन डबे का वाटून टाकावे लागले तेही. दगडाबाई शेजारी बसली होती, तिनं मान खाली घातली, पण अडवलं नाही. पोरानं मुटका घेतला, आधी जिभेला लावून थांबला, मग अर्धा खाल्ला. लोक येत-जात होते आणि तो तिथंच उभा होता. बावीस वर्षांत वाढदिवसाला, दिवाळीला, कुणाच्या लग्नात त्यानं लाडू म्हणून काही खाल्लं नव्हतं. घरी आई करून घालायची, पण बाहेर कुणी ताटात वाढलं की हात आखडता घ्यायची सवयच लागली होती. हे त्यानं सांगितलं ते दगडाबाईला, भामाबाईला नाही. घरच्या माणसाला सांगावं तसं हळू आवाजात. दगडाबाईनं एक कागद घेतला, त्यात मावतील तेवढे मुटके बांधून त्याच्या पिशवीत ठेवले आणि पैशाचा विषय काढू दिला नाही.

त्यानंतर तुपाचं बोट लागलेल्या बाईला उखळाजवळ फिरकू न देणारी कुणी असेल तर ती दगडाबाईच. आता निरवांगीत चार बायका त्यांच्याबरोबर काम करतात. कामाला बसण्याआधी हात साबणानं धुवायचे, धारा काढताना नेसलेलं लुगडं बदलायचं, हा नियम तिनंच घातला. हिंदुराव दर हंगामात चार काहिली वेगळ्या ठेवतात. छकुली सातवीत आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, दूध अजून सोसत नाही असं निघालं. घरची माणसं खट्टू झाली. ती मात्र दवाखान्यातून थेट खो-खोच्या सरावाला गेली.

डॉक्टर आता अशी मुलं आली की आयांना भामाबाईचा फोन देतात. या उन्हाळ्यात मोरगावहून एका सुनेचा फोन आला. तिच्या तीन वर्षांच्या लेकीचं तेच होतं, आणि सासूला ते मान्य नव्हतं. गाईचं नाही तर शेळीचं चालतं, असं म्हणून ती गुपचूप दूध पाजायची आणि पोर पुन्हा सुजायची. सून फोनवर रडत होती. भामाबाईनं पत्ता विचारला आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरून मोरगाव गाठलं.

सासू अंगणात शेळ्यांना पाला टाकत होती. भामाबाई तिच्याशेजारी बसली, पाल्याची एक फांदी आपणही उचलली. आपल्या कळपाच्या गोष्टी निघाल्या, कोकणच्या वाटा निघाल्या, शेळीच्या आजारांवरची औषधं निघाली. मग भामाबाईनं वालचंदनगरची गोष्ट सांगितली, घरघरणाऱ्या श्वासासकट. शेळीचं दूधही तसंच बाधतं, हेही सांगितलं. तुमी चुकता, असं एकदाही म्हणाली नाही. मलाबी पटत नव्हतं, एवढंच म्हणाली.

हातातला पाला संपला होता तरी सासू रिकामी फांदी मोडत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "मग पोरीला द्यायचं तरी काय?"

भामाबाई उठली आणि घरात तीळ आहेत का, असं तिनं सुनेला विचारलं. त्या दिवशी संध्याकाळची एसटी तिनं सोडली, आणि दुसऱ्या दिवशीचीही.